सात-बारा आणि बारा-सात

सात-बाराचा उतारा ज्या मावळांत घरोघरीं जपून ठेविलेला असतो, त्याच मावळांतील एका मुलीस 'बारा साते किती' हें सांगतां येईना. आम्ही तेव्हां लोणावळ्यास पांचवीच्या वर्गास गणित शिकवीत होतों. आम्हीं तिला तासभर उभें ठेविलें आणि 'ढ' हा शब्दही उच्चारिला. तो आज आठवला म्हणजे आमची आम्हांसच लाज वाटते.

त्याच आषाढांत एका रविवारीं इंद्रायणीकांठीं तिच्या वडिलांच्या शेतावर जाण्याचा योग आला. दोरी लावून भाताची लावणी चालली होती. बांधाजवळच्या तुकड्यांत सात ओळी झाल्या होत्या. प्रत्येक ओळींत बारा रोपें. "किती गं रोपें हीं?" आम्हीं सहज विचारिलें. ती म्हणाली, "गुरुजी, दहा-दहा धरली तर सत्तर. वर दोन-दोन राहिली, ती चौदा. चौऱ्याऐंशी झाली." मग आपण होऊनच बाजूच्या बांधावर गेली आणि तेथून ओरडली, "इकडून बारा ओळी नि सात-सात. पण रोपं तेवढीच!"

जे दोन नियम आम्हांस फळ्यावर शिकवितां आले नव्हते, ते तिनें चिखलांत उभें राहून सांगितले. संख्यांची अदलाबदल केली तरी गुणाकार बदलत नाहीं. आणि एका संख्येचे भाग पाडून गुणिलें तरी बेरीज तीच येते. ही रीत जुनीच आहे. इ. स. ११५० मधील 'लीलावती'त भास्कराचार्यांनीं १३५ ला १२ नें गुणण्याच्या अनेक रीती दिल्या आहेत. बाराचे आठ व चार असे भाग करावे, किंवा आधीं तिनानें व मग चारानें गुणावें. उत्तर १६२० च.

मग पाढे सोडून द्यावयाचे काय, असें पालक विचारतील. मुळींच नाहीं! परंतु एक ते दहा या पाढ्यांतील १०० गुणाकारांपैकीं, अदलाबदल ओळखणाऱ्या मुलास ५५ च पाठ करावे लागतात. मात्र मुलें हीच अदलाबदल वजाबाकीसही लावूं पाहतात. अशा एकास आम्हीं चिक्कीच्या सात वड्या दिल्या आणि त्यांतून बारा परत मागितल्या, तेव्हां तो हंसला.

सोमवारीं वर्गांत आम्हीं त्या मुलीस, शेतांतली रीत सर्वांस सांग, म्हणून फळ्याजवळ बोलाविलें. ती आली, पण खडू घेण्यापूर्वीं तिनें आमच्या तोंडाकडे पाहिलें. पुन्हां उभें करणार कीं काय, ही शंका तिच्या डोळ्यांत स्पष्ट दिसत होती.