सेल्फ फिरतोय, पण ट्रॅक्टर उठत नाही



ही नोंद जुलैची. राबातली कर्जत-3 ची रोपं 22 दिवसांची झाली होती, खाचरात पाणी उभं होतं आणि ऐन चिखलणीच्या सकाळी आपला 15 एचपीचा ट्रॅक्टर उठेना. रोप 21 ते 25 दिवसांचं असताना लावलं तर फुटवा चांगला येतो, पुढचा दिवस महागात पडतो. शेजाऱ्याचा ट्रॅक्टर मागावा, तर शेजारी आता शेतच नाही. 1970 ला सिडको आली, तेव्हापासून एकेक शिवार नवी मुंबईत गेलं. आमच्या तळोज्याच्या बाजूला कारची गॅरेज पावलोपावली, ट्रॅक्टरचा मिस्त्री मात्र पार कर्जतला.

पहिली चूक माझी. सेल्फ मारून मारून बॅटरी उतरवली आणि म्हटलं, बॅटरीच गेली. साडेचार हजार घालून नवीन आणली. सेल्फ जोरात फिरला, ट्रॅक्टर तसाच. अहो, सेल्फ पहिल्यापासून फिरतच होता! दोष दुसरीकडे होता.

मग मिस्त्रीला फोन लावला. त्याने एकच विचारलं, "काका, सेल्फ मारताना सायलेन्सरमधून धूर येतो का?"

ते बघितलंच नव्हतं. पोराला उभं केलं. धूर अजिबात नाही.

"मग डिझेलच पोचत नाही. पांढरा धूर आला असता तर डिझेल पोचतंय पण पेटत नाही, असं धरायचं. मग हीटर, एअर फिल्टर, कॉम्प्रेशन बघायचं. तुम्ही आधी एअर काढा."

डिझेल इंजिनला स्पार्क प्लग नसतो. सिलिंडरमधली हवा दाबून तापते आणि त्यात नोजल डिझेल फवारतं. लाइनमध्ये बुडबुडा असला तर पंपाचा सगळा जोर तो बुडबुडा दाबण्यात जातो, नोजल उघडतच नाही.

फिल्टरवरचा एअर स्क्रू सैल केला, हँड पंप मारला. आधी फेस आला, मग सलग डिझेल. स्क्रू आवळला, दुसऱ्या सेल्फला ट्रॅक्टर उठला. दिवसभर चिखलणी केली, तीनदा बंद-चालू केला, काही तक्रार नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी परत तेच रडगाणं.

तेव्हा डोक्यात आलं, टाकी भरलेली असली की ट्रॅक्टर लगेच उठतो, अर्ध्याखाली गेली की सकाळी त्रास. टाकी भरलेली असताना डिझेलची पातळी फिल्टरच्या वर असते, कुठे फट असली तर डिझेल बाहेर पाझरतं. पातळी खाली गेली की त्याच फटीतून हवा आत शिरते आणि रात्रभरात लाइनमधलं डिझेल टाकीकडे उतरतं. फिल्टरभोवती बोट फिरवलं. एका बॅन्जो बोल्टखाली धूळ ओली, तेलकट लागली.

तो बोल्ट जूनमध्ये मीच उघडला होता. फिल्टर नवा घातला, पण तांब्याचं वॉशर जुनंच बसवलं. एकदा दबलेलं वॉशर परत नीट बसेल याचा भरवसा नसतो. वॉशरची नवी जोडी वीस रुपयांची. ती आणायला कर्जतला जाऊन येण्यात आणखी एक दिवस गेला.

शेवटचं खाचर लावलं तेव्हा रोप 28 दिवसांचं झालं होतं. बांधाकडचा तो तुकडा आज बाकीच्या शेतापेक्षा विरळ दिसतो.

म्हणून आता क्रम ठरवलाय. सेल्फ मंद फिरला तर आधी बॅटरीचे टर्मिनल आणि अर्थिंगची वायर बघायची. खाडीच्या खाऱ्या हवेत त्यावर लवकर हिरवं चढतं. सेल्फ चांगला फिरतोय तर धूर बघायचा, मगच पाना हातात घ्यायचा. सेल्फ एका वेळी दहा सेकंदांपेक्षा जास्त मारायचा नाही, मध्ये थोडी उसंत द्यायची. पावसाळ्यात संध्याकाळीच टाकी भरायची, म्हणजे आत दमट हवेचं पाणी कमी धरतं. मात्र टाकी भरून गळती झाकली जाते, बरी होत नाही. आणि फिल्टर बदलला की वॉशरही नवं.

तुमचा ट्रॅक्टर सकाळी कुरकुरतो का? टाकी किती भरलेली असते, ते एकदा बघून सांगा.