एकशे एकवीस दिवस

आमच्या मुरुड-रोह्याच्या बाजूला मुलगा बारावी झाला की घरात पासपोर्टची बोलणी सुरू होतात. कोणाचा मामू कुवेतला, कोणाचा चाचा दोह्याला. बंदर, जहाज, आखात ही आमची वाट. ती वाईट आहे असं मी म्हणणार नाही. मोहल्ल्यातली पक्की घरं, मशिदीचा नवा मिनार, मुलींच्या बी.एड.ची फी, सगळं त्याच वाटेनं आलेलं आहे. पण गावाच्या पाठीमागं जो डोंगर उभा आहे, त्या बाजूलाही रोजगार असू शकतो, हे आमच्यात कोणाच्या मनात येत नाही. समुद्र आपला आणि रान दुसऱ्या कोणाचं, अशी वाटणी आम्ही न बोलता करून टाकली आहे.

ही वाटणी इतिहासाला धरून नाही. फणसाडचं जे अभयारण्य १९८६ साली जाहीर झालं, ते त्याआधी जंजिऱ्याच्या सिद्दी नवाबांचं शिकारीचं राखीव रान होतं. नवाबांनी ते शिकारीसाठी राखलं, त्यात पुण्य शोधत बसण्याची गरज नाही. पण राखलं म्हणून पन्नासहून थोडे अधिक चौरस किलोमीटर जंगल आज समुद्राला लागून उभं आहे. तिथल्या पाणवठ्यांना ‘गाण’ म्हणतात. चिखलगाण, फणसाडगाण. शेकरू आहे, हातापेक्षा लांब शेंगा लोंबणारी गारंबीची वेल आहे. आमच्यातल्या जुन्या माणसांच्या तोंडी ही नावं होती. आताच्या पोराला दम्माम-जुबेलच्या गल्ल्या पाठ असतात, चिखलगाण कुठं आहे ते त्याला विचारून पाहा.

माझ्या बहिणीचा मुलगा या वाटणीच्या पलीकडं गेला तो काही निसर्गप्रेमानं नव्हे. ३ जून २०२०ला निसर्ग चक्रीवादळ आमच्या किनाऱ्यावर आदळलं. घरांचे पत्रे उडाले, नारळी-पोफळी आडव्या झाल्या. त्यात कोरोना, विमानं बंद, व्हिसा अडकलेला. रानातही झाडं पडली होती आणि पडलेलं झाड उन्हाळ्यात वाळून जळण होतं. पुढच्या फेब्रुवारीत जिल्ह्यातल्या एका वनपरिक्षेत्रात (फणसाड नव्हे, दुसरंच) हंगामी फायर वॉचर घेत होते. हा गेला. बहीण म्हणाली, “भाई, पोरगा बारावी शिकून जंगलात झाडू मारायला जातो.” झाडू मारायला हे तिचं म्हणणं अगदीच खोटं नव्हतं.

महाराष्ट्रात वणव्याचा हंगाम १५ फेब्रुवारी ते १५ जून असा धरतात. त्याच्या आधी जाळरेषा काढून व्हायला हव्यात. जाळरेषा म्हणजे रानात ठराविक रुंदीचा पट्टा गवत, पाचोळा काढून मोकळा करायचा, म्हणजे आग आली तर तिला पुढं खायला काही मिळू नये. काढलेला पाचोळा जाळायचा तोही पहाटे, दंव असताना आणि वारा उठायच्या आत. मग हंगामभर त्या रेषेवर पुन्हा पुन्हा गळणारी पानं लोटायची. आता काही ठिकाणी पानं उडवायची यंत्रं आहेत, पण पाठीवर यंत्र असो की हातात खराटा, काम झाडण्याचंच.

या कामाचं शिक्षण त्याला दिलं एका कातकरी वृद्धानं. सगळे त्यांना आबा म्हणतात. शाळेत गेलेले नाहीत. पहिला आठवडा त्यांनी या मुलांना आगीजवळ जाऊच दिलं नाही, नुसतं हिंडवलं. चढावर आग धावते आणि उतारावर रेंगाळते, म्हणून आगीच्या वरच्या अंगाला कधी उभं राहायचं नाही. कातळावर आग मरते, पण कातळाच्या फटीतल्या गवतातून पलीकडं जाते. ऐनाची जाड साल आगीला पुरते, बारकी रोपं जातात. दुपारी समुद्रावरून वारा येतो आणि रात्री उलटा फिरतो, तेव्हा संध्याकाळी विझली म्हणून सोडलेली आग रात्री दुसऱ्याच बाजूला निघते. हिरव्या डहाळ्यांनी झोडपायचं तेही उचलून आपटायचं नाही, नाहीतर ठिणग्या उडतात, दाबून धरायचं. आणि आग विझल्यावर खरं काम सुरू होतं: प्रत्येक ओंडका उलटून आतला निखारा बघायचा. देहरादूनच्या भारतीय वन सर्वेक्षण संस्थेकडून उपग्रहानं टिपलेल्या आगीचे संदेश मोबाईलवर येतात, ते वाचून जागा शोधायचं काम भाच्याकडं आलं. आबांना नकाशा कळत नाही, पण नाव सांगितलं की पायवाट ते सांगत. दोघांचं जमलं.

आग लागते कशी, हाही एक धडाच. आमच्या कोकणात ती आभाळातून पडत नाही. कोणी राब भाजताना वारा आला, कोणी शिकारीसाठी गवत पेटवलं, कोणी बिडी टाकली. म्हणजे आग विझवणाऱ्याला गावच्या माणसांशी बोलता यायला हवं. भाचा आधी मुखदुर्बळ होता. आता शेतावर जाऊन “चाचा, उद्या पहाटे राब भाजा, आम्ही दोघं येऊन थांबतो” असं सांगायला लागला. हे कोणत्या अभ्यासक्रमात येतं?

रमजान गेली काही वर्षं याच दिवसांत येतो. २०२३ साली २४ मार्चला पहिला रोजा होता. सहेरी करून तो निघायचा, खिशात खजूर. मशिदीच्या इमामसाहेबांना विचारलं तेव्हा त्यांनी सरळ सांगितलं, जिवावर बेतत असेल तर सोड, नंतर कजा कर. गस्तीच्या दिवशी त्यानं रोजे ठेवले. एका दुपारी मात्र आग लागली आणि आबांनी त्याच्यापुढं पाण्याची बाटली धरली. तो नको म्हणाला तेव्हा ओरडले, “तू पडलास तर तुला उचलायला दोन माणसं जातील. मग आग कोण विझवंल?” तो प्यायला. बहिणीला हे त्यानं ईद झाल्यावर सांगितलं. आमच्याकडं वृक्षारोपणाच्या दिवसांत रोप लावण्याच्या सवाबाबद्दल बयान होतं, ते चांगलंच आहे. लागलेलं रान जळू न देण्याच्या सवाबाबद्दल मी आजवर एकही बयान ऐकलेलं नाही.

असे चार हंगाम गेले. आता हिशेबाचं बोलतो. १५ फेब्रुवारी ते १५ जून म्हणजे १२१ दिवस. लीप वर्षी एक जास्त. राज्य सरकारनं १९९६ साली आणि पुन्हा २०१२ साली रोजंदारी वनमजुरांना कायम करण्याचे निर्णय घेतले, तेव्हा दोन्ही वेळा मोजमाप वर्षाला २४० दिवसांचं होतं. १२१ दिवसांचा माणूस कितीही वर्षं आला तरी त्या मापात बसत नाही. दर १५ जूनला पाऊस येतो, आग संपते आणि त्याबरोबर त्या मुलाचं शिक्षणही कागदावरून धुऊन जातं. हजेरीपटावर तो अकुशल. आबाही अकुशल. वनरक्षकाची भरती वेगळी: मराठी, इंग्रजी, सामान्य ज्ञान, बौद्धिक चाचणी, आणि पुरुषांना ५ किलोमीटर धावणं. भाचा २०२३च्या भरतीत धावला असता कोणापुढंही, पण त्याआधीच्या लेखी परीक्षेत मागं राहिला. परीक्षा असू नये असं मी म्हणत नाही, मी स्वतः मास्तर होतो. वारा वाचता येणाऱ्याला त्याचे चार गुण मिळावेत, एवढंच.

अमेरिकेत मंदीच्या काळात रूझवेल्ट यांनी १९३३ साली बेकार तरुणांची एक वनसेना उभी केली होती. १९४२पर्यंत सुमारे ३० लाख मुलं तिच्यातून गेली. सरकारी जंगलांत त्यांनी झाडं लावली, जाळरेषा काढल्या, वणवे विझवले. महिन्याला ३० डॉलर मिळत, त्यातले साधारण २५ थेट घरी पाठवले जात. ही वजाबाकी आमच्या कोकणातल्या कोणत्याही आईला समजावून सांगावी लागणार नाही. त्या सेनेतही काळ्या मुलांच्या छावण्या वेगळ्या होत्या, तेव्हा फार गोडवे गायला नकोत. पण छावणीत संध्याकाळी वर्ग भरत आणि सुटताना मुलाच्या हातात दाखला असे.

आमच्याकडं २०२४ साली मुख्यमंत्री युवा कार्यप्रशिक्षण योजना आली. बारावी झालेल्याला महिना ६,००० रुपये, आधी सहा महिने, मग आणखी पाच वाढवून अकरा. भाडेकरारही अकरा महिन्यांचाच असतो, हा योगायोग समजायचा. भाच्याचा वर्गमित्र तिच्यात एका कार्यालयात गेला आणि बहुतेक वेळ फायली उचलत बसला. सच्चर समितीचा अहवाल २००६ साली आला तेव्हा आम्ही परिषदांमधून सरकारी नोकऱ्यांतल्या आपल्या टक्क्यावर तावातावानं बोललो. मीही बोललो. जंगलाचं नाव त्यात कोणी घेतल्याचं मला आठवत नाही.

मग एक दिवस भाच्यानं वर्तमानपत्रातली जाहिरात आणून दाखवली. आखातात फायर वॉचर पाहिजेत. “मामू, ही तर माझीच पोस्ट!” तेल शुद्धीकरण कारखाने दुरुस्तीसाठी काही आठवडे बंद ठेवतात, त्याला शटडाऊन म्हणतात. त्या काळात वेल्डिंग चालू असताना शेजारी अग्निशामक घेऊन उभं राहणारा माणूस लागतो, तो फायर वॉचर. म्हणजे हेही हंगामीच. मुंबईला एजंटच्या ऑफिसात त्यानं चार हंगामांचा अनुभव सांगितला. एजंट म्हणाला, जंगलातलं नको, सर्टिफिकेट आहे का? नव्हतं. मग पैसे भरून थोड्या दिवसांचा एक कोर्स केला, कागद मिळाला, आणि तो जुबेलला गेला. तिथून फोनवर म्हणाला, “इथं नुसती ठिणगी बघत उभं राहायचं, मामू. वारा बघावा लागत नाही, चढ बघावा लागत नाही.” पगार किती ते बहिणीनं मला सांगितलं. मी त्यावर काही बोललो नाही, बोलण्यासारखं नव्हतंही.

गेल्या फेब्रुवारीत आबा दारात आले. “पोर कवा येतंय?” बहिणीनं त्यांना ओटीवर बसवून चहा दिला, म्हणाली शटडाऊन वाढलंय. शटडाऊन म्हणजे काय ते त्यांना सांगायला मला जरा वेळ लागला. त्यांनी ऐकून घेतलं. यंदा हाताखाली तीन नवी पोरं दिली आहेत, म्हणाले, वारा कुठनं येतो ते अजून त्यांना कळत नाही. चहा संपवून ते उठले. जाळरेषा अर्धी राहिली होती.