चिनी मातीच्या गावात

इंग्लंडच्या मध्यभागी स्टोक-ऑन-ट्रेंट नावाचे नगर आहे. टन्स्टॉल, बर्स्लेम, हॅन्ली, स्टोक, फेंटन आणि लाँगटन ही सहा गावे मिळून ते झाले. तेथील लोक मात्र साऱ्या परिसराला अजून ‘पॉटरीज’च म्हणतात. श्वेतांबर व दिगंबर परंपरांना एका छताखाली आणणाऱ्या लीसेस्टरच्या जैन मंदिराच्या दर्शनास आपल्यापैकी अनेकजण जातात. तेथून मोटारीने साधारण दीड तासावरील या गावासाठी त्यांनी एक दिवस अवश्य राखून ठेवावा.

या गावाचे वैभव चहाने वाढविले. १७८४ साली ब्रिटिश सरकारने चहावरील ११९ टक्क्यांचा कर एकदम साडेबारा टक्क्यांवर आणला. चहा स्वस्त झाला, पिणारे वाढले, कपबशांना मागणी आली. पुढे थोड्याच वर्षांत ईस्ट इंडिया कंपनीने चीनहून कपबशा घाऊक आणणे थांबविले. अशी संधी कोणता व्यापारी सोडील? येथील स्पोड पितापुत्रांनी १८०० सालाच्या सुमारास एका नव्या मिश्रणाचे प्रमाण पक्के केले. गुरांच्या भाजलेल्या हाडांची राख जवळजवळ निम्मी, आणि उरलेल्यात पांढरी चिनी माती व कॉर्नवॉलचा दगड. हीच ती बोन चायना.

हा शब्द आपण जसाच्या तसा उचलला. ‘बोन चायनाचा सेट दाखवा’ असे म्हणताना त्यातील पहिल्या शब्दाचा अर्थ किती घरांत ध्यानात येतो? एरवी कंदमूळ न शिवणाऱ्या घरांच्या शोकेसमध्ये आहेरात आलेले असे सेट मी पाहिले आहेत.

त्या कपाचे सौंदर्य मात्र नाकारता येत नाही. लाँगटनच्या ग्लॅडस्टन संग्रहालयात बाटलीच्या आकाराच्या जुन्या उंच भट्ट्या जपल्या आहेत. या परिसरात एके काळी अशा सुमारे २००० भट्ट्या होत्या, आता ५०सुद्धा उरल्या नाहीत. बोन चायनाचा कप उजेडासमोर धरला की मागची बोटे सावलीसारखी दिसतात. कड इतकी पातळ की ओठांना चहाच आधी लागतो. हा गुण हाडांच्या राखेमुळे येतो. ‘अग्नीत सारे शुद्ध होते, राखेत जीव कुठला?’ असे काहीजण म्हणतात. आयुष्य बँकेच्या खतावण्यांत गेल्यामुळे असेल, मला तो युक्तिवाद पटत नाही. कपाच्या किमतीत हाडांची किंमत धरलेली असते आणि ती रक्कम शेवटी कत्तलखान्याच्या जमेच्या बाजूस पडते.

मग आपण सुंदर कपाला मुकावे काय? मुळीच नाही. बर्स्लेममध्ये कालव्याच्या काठी, १८८८च्या सुमारास उभारलेला मिडलपोर्ट कारखाना आहे. २०११ साली तो बंद पडण्याच्या बेतात असताना तत्कालीन प्रिन्स चार्ल्स यांच्या न्यासाने वास्तू घेऊन वाचविली. येथे ‘बर्ली’ या नावाची भांडी होतात. त्यांत हाड नाही, केवळ माती, गारगोटी व दगडाचे पीठ. नक्षीची रीत पाहत राहावी अशी. कोरलेल्या तांब्याच्या रुळावरून निळा रंग पातळ कागदावर उतरतो. कारागीर स्त्रिया तो कागद कात्रीने बेतून भाजलेल्या कपावर बसवितात, ताठ ब्रशाने घासतात. मग पाण्याने कागद निघून जातो, नक्षी राहते. त्यावर पुन्हा भाजणी व झिलई. कपाच्या कानाजवळ निरखून पाहिले तर कागदाचा सांधा सापडतो.

येथील प्रसिद्ध नक्षीचे नाव ‘ब्ल्यू कॅलिको’. निळ्यावर पांढरी लहान फुले, छापील कापडासारखी. कॅलिको हे कापडाचे नाव केरळातील कालिकत बंदरावरून पडले, हे आपल्या कापड व्यापाऱ्यांना सांगायला नको.

कालव्याकडेच्या उपाहारगृहात अशाच कपांतून चहा मिळतो. कप जड असतो, कड जाडसर, उजेड आरपार जात नाही. पण चहा खाली जाऊ लागतो तेव्हा हातातली फुले न्याहाळत बसण्याचे सुख काही वेगळेच. इंग्लंडमधील आपली काही तरुण मुले आता त्यात दूधही घालू देत नाहीत. तो वाद येथे नको.

खरेदी करताना कप उलटा करून तळाशी पाहावे. ‘बोन चायना’ असेल तर ते बहुधा तेथे छापलेले असते. मिडलपोर्टच्या दुकानात किंचित दोष राहिलेला माल कमी भावात मिळतो. सहा कप निवडण्यात तास सहज जातो, आणि बशांची फुले कपांशी जुळवायची असतील तर दीड.