आजऱ्याचे मिस्त्री आणि आंबोलीचा घाट

निपाणी सोडून उत्तूरच्या अंगाने आजऱ्याकडे वळले, की देशावरचा कोरडेपणा ओसरू लागतो. घनसाळ भाताचा वास येतो, झाडी दाटते आणि हवेत कोकणचा ओलावा जाणवतो. माणसाला हा ओलावा मोठा सुखाचा. जुन्या मोटारसायकलीच्या तारांना मात्र तो मुळीच मानवत नाही.

आमची मोटारसायकल पंचवीस वर्षांची. गेल्या ऑक्टोबरात आम्ही उभयता तिच्यावरून सावंतवाडीला निघालो होतो. आजरा जवळ येता येता भाताच्या वासात जळक्या प्लॅस्टिकचा वास मिसळला. सौ.चे नाक तिखट. तिनेच गाडी थांबवायला लावली. सीट उचलून पाहतो तो मॅग्नेटकडून रेग्युलेटरकडे जाणाऱ्या तीन तारांचा पांढरा कपलर तपकिरी पडून एका कोपऱ्यात वितळलेला! शेजारून पेट्रोलची नळी गेलेली. पुढे घाट, आणि दिवस कललेला.

आजऱ्यात एका पत्र्याच्या शेडमध्ये मिस्त्री भेटले. "करंट जास्त येतोय का हो?" मी विचारले.

"न्हाई साहेब. करंट हाय तेवढाच हाय. वाट अरुंद झालीया."

हे उत्तर एखाद्या प्राध्यापकालाही शोभले असते. कपलरमधली पितळी पट्टी सैल होते, दमट हवेने तिला कळंक चढतो आणि विजेला अडथळा होतो. दहा अँपिअरच्या वाटेत एक दशांश ओहमचा अडथळा आला, तरी नखाएवढ्या जागेत दहा वॅट उष्णता निघते. तापल्याने पट्टी आणखी सैल, सैल झाल्याने आणखी ताप! फ्यूज इथे बिचारा काय करणार? तो पाहतो जादा करंट, आणि तो तर नाहीच. दिवा मालवूनही सुटका नाही. अशा जुन्या गाड्यांत नको असलेली वीज रेग्युलेटर आतल्या आत परत फिरवतो, त्यामुळे या तीन तारांना विसावा म्हणून नाही.

मिस्त्रींनी इंजिन चालू ठेवून मीटरची टोके प्रत्येक सांध्याच्या दोन्ही बाजूंना लावली. दोन तारांवर काटा जेमतेम हलला. तिसरीवर व्होल्टाच्याही पुढे गेला.

चहावाल्याने तारा पिळून टेप गुंडाळायचा सल्ला दिला. मिस्त्रींनी त्याच्याकडे नुसते पाहिले. मग काळी पडलेली तार ते कापत गेले, लखलखीत तांबे दिसेपर्यंत. "नवा कपलर अन् जळकी तार, म्हंजे आठ दिसांचा संसार," ते म्हणाले. नवी जाड टोके त्यांनी पकडीने घट्ट दाबून बसवली. तिन्ही तारा एकाच रंगाच्या. अदलाबदल झाली तर? सौ.ची ही शंका रास्त होती. पण मॅग्नेटच्या या तीन तारांना आधी-नंतर नसते, कशाही जोडा.

आंबोली सुमारे ७०० मीटर उंचीवर. पोचलो तेव्हा हिरण्यकेशीच्या खोऱ्यावर धुके उतरत होते. सीट उचलून कपलरला हात लावला, कोमट होता. दिवा लावून आम्ही दाणोलीच्या दिशेने घाट उतरू लागलो. सौ. मात्र सावंतवाडीपर्यंत हवा हुंगत होती.