आमच्या टोळीतला आचारी

दर रविवारी दुपारी आमच्या बाहेरच्या खोलीत मुलाचे चार मित्र जमतात. पत्ते नाहीत, कॅरम नाही. कागद, पेन्सिली आणि वीस बाजूंचा फासा. खेळाचं नाव 'डंजन्स अँड ड्रॅगन्स'. १९७४ साली अमेरिकेत निघालेला. एकानं गोष्ट सांगायची, बाकीच्यांनी त्यातली पात्रं व्हायचं. प्रत्येक पात्राचा 'वर्ग' ठरलेला. आरंभी तीनच वर्ग होते : लढवय्या, जादूगार आणि उपासक. चोर म्हणे वर्षभरानं आला.

एकदा पोह्यांच्या बशा ठेवता ठेवता मी सहज विचारलं, ''मग ह्यात मी कोण रे?''

''आई, तू एनपीसी,'' चिरंजीव फासा टाकत म्हणाले. म्हणजे कुणीच खेळाडू ज्याचा वाली नाही, असं पात्र. खानावळवाला, दुकानदार, वाटेवरचा म्हातारा. पोरं हसली, मीही हसले. पण बशा विसळताना ते बोचलंच. त्याच आठवड्यात त्याच्या कॉलेजच्या फॉर्मवर 'आईचा व्यवसाय' ह्यापुढे 'काही नाही' असं लिहिलेलं मी वाचलं होतं.

पुढे सुट्टीत त्यानं मला एक जपानी कार्टून मालिका दाखवली, 'डिलिशस इन डंजन'. २०२४ सालची. मूळ चित्रकथा रयोको कुई ह्या बाईंची. मला वाटलं, पोरखेळ असेल. पण पहिल्याच भागात लाल ड्रॅगन फालिन नावाच्या मुलीला गिळतो. गिळला जाता जाता ती मंत्रानं भावाला आणि सोबत्यांना बाहेर पोचवते. आता ती पचून जायच्या आत तिला सोडवायचं. गाठीला पैसा नाही, म्हणून भुयारातले राक्षसी प्राणीच शिजवून खायचे!

आम्ही वर्ग लावत बसलो. भाऊ लायोस लढवय्या, लांब कानांची मार्सिल जादूगार, कुलपं नि सापळे ओळखणारा चिलचक चोराच्या वर्गातला. फालिन उपासिका. आणि दाढीवाला, बुटका सेन्शी? ''कुऱ्हाड आहे ना हातात? लढवय्या,'' मुलगा म्हणाला.

मला पटेना. अहो, ह्या गृहस्थानं अभेद्य धातूच्या ढालीचं स्वयंपाकाचं भांडं करून घेतलेलं! मातीच्या राक्षसांच्या पाठीवर भाजीपाला लावतो. कुणी वेळेवर जेवलं नाही, चौरस आहार घेतला नाही, तर त्याला चैन पडत नाही. त्यांच्या पहिल्या रश्श्यात विंचू आणि चालतं अळंबं होतं, तेव्हा मी पदर तोंडाला लावला हे खरं. पण पाण्याचा अंदाज, आच, कुठला भाग टाकायचा, कुठला ठेवायचा, हे सारं मी डोळ्यांत तेल घालून पाहिलं.

मग पहिला भाग मी पुन्हा लावायला सांगितला आणि लढाईपाशी थांबवला. ''सांग, हे हरले कशानं?''

तो जरा वेळानं म्हणाला, ''भुकेनं.''

''सामान संपलेलं, पोटात काही नाही, म्हणून लायोसचं लक्ष उडालं. आणि तुमच्या खेळात आचाऱ्याचा वर्गच नाही!''

तो काही बोलला नाही. परवा मात्र माझ्यापुढे एक कोरा कागद सरकवला. नाव, वंश, शक्ती, चपळाई... मी नाव घातलं. 'वर्ग' हा रकाना अजून कोराच आहे. मित्र म्हणतात, नियमात बसत नाही. रविवारी त्यावर वाद होणार. साबुदाणा आदल्या रात्रीच भिजत घालायला हवा. पाच जण आहेत, आणि आता सहावी मी.