पाचवी पोळी

तुमच्यापैकी ‘तोत्तोचान’ कोणी कोणी वाचलंय? मग तुम्हाला ती डब्याची गंमत नक्की आठवत असेल.

ज्यांनी वाचलं नसेल त्यांना थोडक्यात सांगते. तोत्तोचान ही टोकियोमधली एक खटपटी मुलगी. पहिल्या शाळेतून तिला काढून टाकतात, म्हणून आई तिला तोमोई नावाच्या शाळेत नेते. या शाळेचे वर्ग भरायचे रेल्वेच्या जुन्या डब्यांत! आणि मुख्याध्यापक कोबायाशी पहिल्याच दिवशी तिची बडबड चार तास ऐकून घेतात. आमच्या घरी मला सलग चार मिनिटंसुद्धा कुणी बोलू देत नसे, त्यामुळे मला ही परीकथाच वाटली होती. पण ती खरी आहे. तोत्तोचान म्हणजे स्वतः लेखिका तेत्सुको कुरोयानागी. जपानीत हे पुस्तक १९८१ साली आलं.

तर तो डबा. कोबायाशींनी पालकांना सांगितलं होतं, मुलांच्या डब्यात काहीतरी समुद्रातलं हवं आणि काहीतरी डोंगरावरचं. जेवणाच्या वेळी ते प्रत्येकाचा डबा बघत फिरायचे. मागून त्यांच्या पत्नी दोन पातेली घेऊन यायच्या. ज्याच्या डब्यात समुद्र नाही त्याला एका पातेल्यातलं वाढायचं, डोंगर नसेल तर दुसऱ्यातलं. कुणाचा डबा साधा, कुणाचा भारी, असा प्रश्नच उरायचा नाही.

मी हे पुस्तक सातवीत वाचलं. वाचलं म्हणजे आम्ही दोघांनी मिळून वाचलं. माझ्या आत्याच्या यजमानांचं काम सुटलं होतं, म्हणून पाचवीतला आतेभाऊ वर्षभरासाठी आमच्याकडे राहायला आला होता. पुस्तक एकच, त्यामुळे पान उलटण्यावरून भांडणं. मग आम्हीही आपापले डबे तपासायला लागलो. डोंगर रोजच असायचा, पण समुद्र कुठून आणायचा? आमचं घर शाकाहारी. मी हताश झाले. तो म्हणाला, “ताई, मीठ समुद्रातलंच की!” झालं, प्रश्न सुटला.

आता जे सांगणार आहे ते मी बरीच वर्षं कुणाला सांगितलं नव्हतं. एकदा रात्री आम्ही सगळे जेवत होतो. त्याने पोळीसाठी हात पुढे केला आणि मी मोठ्याने म्हटलं, “ही पाचवी हं!” आईने डोळे वटारले. तो पोळी डब्यात परत ठेवत म्हणाला, “नको, पोट भरलं.” त्यानंतर तो आमच्याकडे होता तोवर चौथी पोळी संपली की ताटावरून उठायचा. आई आग्रह करायची, तरी उठायचा. वर्षाने तो आपल्या घरी गेला.

पुढे कॉलेजात मी जपानी सिनेमे बघायला लागले. अकिरा कुरोसावांच्या ‘सेव्हन समुराई’चं (१९५४) नाव फार ऐकलं होतं. तो जवळजवळ साडेतीन तासांचा आणि कृष्णधवल आहे. खरं सांगते, पहिल्या वेळी मी चक्क झोपले! दुसऱ्यांदा बघताना एका ठिकाणी अडकले. दरोडेखोरांनी गांजलेले शेतकरी मदतीसाठी समुराई शोधत असतात. त्यांच्याकडे द्यायला पैसे नाहीत. ते समुराईला पांढरा भात खाऊ घालतात आणि स्वतः मात्र वरी-नाचणीसारखं हलकं धान्य खाऊन राहतात. हे कळल्यावर तो म्हातारा समुराई भाताचं भांडं हातात घेतो आणि काम पत्करतो. लढाया सगळ्या नंतर. मला तर तो भातच जास्त लक्षात राहिला.

यासुजिरो ओझूंचा ‘ओहायो’ (१९५९) मात्र तुम्ही आई-बाबांना घेऊनच बघा. टीव्ही हवा म्हणून दोन भाऊ घरात आणि शाळेत बोलणंच बंद करतात. शेवट सांगत नाही.

आणि मग ‘ग्रेव्ह ऑफ द फायरफ्लाइज’, म्हणजे काजव्यांची कबर. इसाओ ताकाहाता यांचा १९८८चा चित्रपट. काढलेल्या चित्रांचा आहे, म्हणून लहानांना एकटं बसवू नका, मोठ्यांनी शेजारी बसावं. १९४५ साल, कोबे शहर. बॉम्बहल्ल्यात आई जाते, वडील नौदलात. चौदा वर्षांचा सेइता आणि चार वर्षांची सेत्सुको नात्यातल्या एका मावशीकडे राहायला जातात. आईचे किमोनो विकून तांदूळ येतात. पण थोड्याच दिवसांत ती मावशी कामावर जाणाऱ्यांना भात वाढते आणि या दोघांना पातळ पेज. ही पेज बघितली आणि मी सिनेमा थांबवला. मावशीचा मला राग यायला हवा होता. पण मला आमचा पोळ्यांचा डबा दिसत होता.

नंतर मूळ कथेच्या लेखकाबद्दल वाचलं. अकियुकी नोसाका. कथा १९६७ची. युद्धात त्यांचे दत्तक वडील गेले आणि धाकटी बहीण उपासमारीने गेली. नोसाकांनीच पुढे कबूल केलं, की मी सेइतासारखा प्रेमळ भाऊ नव्हतो, बहिणीच्या वाट्याचंही मी खाल्लं. सेइता बहिणीशी जसा वागतो तसं त्यांना वागता आलं नव्हतं. त्यांची बहीण तर उरली नव्हती. माझा भाऊ एका फोनवर होता.

तरी फोन करायला मला आठ दिवस लागले. काय बोलायचं हेच सुचेना. शेवटी केला. इकडचं तिकडचं झाल्यावर म्हटलं, “अरे, लहानपणी एकदा जेवताना मी तुला पोळीवरून बोलले होते...”

“कुठली पोळी?” तो म्हणाला.

मला हायसं वाटलं. तेवढ्यात तिकडून आवाज आला, “पाचवी ना?”

मी गप्प. चार तास ऐकणारं कुणी मिळालं असतं तरी मला त्या वेळी शब्द सापडला नसता. मग “चुकले रे” एवढंच म्हणाले. तो म्हणाला, “असू दे ताई. पण ‘तोत्तोचान’ माझ्या वाट्याला कधी येणार? शेवटची वीस पानं तू मला वाचूच दिली नव्हतीस.”

या दिवाळीत तो येतोय. पुस्तक काढून ठेवलंय. काजव्यांचा सिनेमा बघायला तो तयार नाही. म्हणून ‘माय नेबर तोतोरो’ बघायचं ठरलंय. गंमत म्हणजे १९८८च्या एप्रिलमध्ये जपानमधल्या थिएटरांत हे दोन्ही सिनेमे जोडीनेच लागले होते.