पाच गुरुवार

रेडिएशनचे वेळापत्रक गाठ ठरवते, असे मी वर्षानुवर्षे ज्युनिअर डॉक्टरांना शिकवले. गाठ कुठे आहे, केवढी आहे, लिम्फ नोडपर्यंत पोचली का, शेजारी कोणता नाजूक अवयव आहे, एवढे बघायचे आणि किती ग्रे, किती सिटिंग ते लिहून मोकळे व्हायचे. पेशंट भोसरीत लेथवर उभा असतो की निगडीत बँकेत बसतो, हे विचारायचे काम सोशल वर्करचे. आज ते मी स्वतः विचारतो, आणि डोस लिहिण्याआधी विचारतो.

कमी दिवसांच्या उपचाराला मी मनातून दुय्यम समजत असे. स्तनाच्या कॅन्सरला ५० ग्रे, २५ सिटिंग, पाच आठवडे, हे आमच्या पिढीला पाठ. ब्रिटनमधल्या ‘स्टार्ट-बी’ चाचणीत २२१५ बायकांपैकी निम्म्यांना ४० ग्रे १५ सिटिंगमध्ये दिले. दहा वर्षांनी त्या जागी किंवा जवळपास आजार उलटण्याचे प्रमाण त्यांच्यात ४.३ टक्के, २५ सिटिंगवाल्यांत ५.५ टक्के. तिकडे २००९ पासून तीन आठवडेच रूढ झाले. हे सगळे वाचूनही माझे उत्तर तयार असायचे: तिकडे गाठ लहान असतानाच सापडते, आपल्याकडे बाई उशिरा येते, वयानेही तरुण असते. रोजचा डोस वाढवला की कातडी कडक होते, स्तन आक्रसतो, आणि हे सगळे वर्षांनी दिसते, ही भीती काही खोटी नव्हती. पण तिला आणखी एक टेकू होता. खासगी रुग्णालयात बऱ्याचदा बिल सिटिंगवर चढते. शास्त्र आणि बिल एकाच बाजूला असले की माणूस शास्त्राची फार उलटतपासणी करत नाही.

माझ्या मताला पहिला तडा चाचण्यांनी नव्हे, खाड्यांनी दिला.

तोंडाच्या कॅन्सरचे ऑपरेशन झाले की साधारण ३० सिटिंग लागतात. सहा आठवडे, सोमवार ते शुक्रवार. चौथ्या आठवड्याच्या सुमारास उरल्यासुरल्या पेशी जोराने वाढू लागतात, आणि पुढे लांबलेल्या प्रत्येक दिवसागणिक साधारण ०.६ ग्रे नुसते ती वाढ भरून काढण्यात खर्ची पडते. चाकणच्या कंत्राटी कामगाराचा आठवडा मात्र वेगळा. म्हाळुंगे, खराबवाडी, निघोजे या बाजूच्या पुष्कळ कारखान्यांना सुट्टी गुरुवारी. पहिल्या पाळीची बस पहाटे. हजेरी बुडाली की त्या दिवसाचे पैसे गेले, लागोपाठ बुडाली तर ठेकेदार दुसऱ्याचे नाव लावतो. आमच्या तक्त्यावर त्याचे चित्र असे उमटे: तीन सह्या, एक रिकामा चौकोन, दोन सह्या, पुन्हा तीन रिकामे. खाली मी शेरा मारायचो, ‘पेशंट अनियमित’.

त्यातलाच एक जण. गळ्याची कातडी भाजून काळवंडलेली, अंगात कंपनीचा शर्ट, खिशाला गेटपास. टेबलावर आडवा होताना म्हणाला, “सर, गुरुवारी मी दिवसभर मोकळाच असतो. दोन लाईट घेतल्या तर नाय का चालणार?” टेक्निशियन हसला, मीही हसलो. त्याच्या तोंडावर मास्क बसला, चारी बाजूंची कुलुपे लागली, आम्ही बाहेर आलो आणि दार बंद झाले. मॉनिटरवर त्याला बघताना माझ्या ध्यानात आले की प्रश्न अडाणी नव्हता. बुडालेले सिटिंग भरून काढायला एका दिवसात किमान सहा तासांच्या अंतराने दोन देणे ही मान्य पद्धत आहे. डेन्मार्कमध्ये डोक्या-मानेच्या कॅन्सरला आठवड्याला पाचऐवजी सहा सिटिंग देऊन निकाल सुधारले होते. आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेने विकसनशील देशांत तेच तपासले, त्याचे निकाल २०१० साली आले: पाच वर्षांनी आजार जागच्या जागी आटोक्यात राहिलेल्यांचे प्रमाण ३० टक्क्यांवरून ४२ वर गेले. हे मी व्याख्यानांत सांगत असे. त्याचा गुरुवारशी काही संबंध असेल, हे मात्र डोक्यात आले नव्हते.

मग २०२० उजाडले. एप्रिलअखेर ‘फास्ट-फॉरवर्ड’चे निकाल हाती आले तेव्हा एमआयडीसी बंद होती, बस बंद होत्या आणि वायसीएम रुग्णालय कोविडच्या कामाला जुंपलेले. ४०९६ पेशंट, स्तनाला २६ ग्रे, फक्त ५ सिटिंग, एका आठवड्यात. पाच वर्षांत त्याच स्तनात किंवा छातीवर आजार उलटला तो १.४ टक्क्यांत, तीन आठवडेवाल्यांत २.१. आपल्या बायकांचे काय, हा माझा लाडका प्रश्न कोलकात्याच्या टाटा मेडिकल सेंटरने चाचणी सुरू करून २०१९ सालीच हाती घेतला होता. मी नुसता बोलत होतो. लॉकडाऊनमध्ये नाइलाजाने पाच सिटिंग सुरू केली, आणि रस्ते खुले झाल्यावर सरसकट जुन्या वळणावर जायचे कारण सापडेना.

हाडात पसरलेल्या आजाराच्या दुखण्याला तर ८ ग्रे एकदाच दिले तरी आराम दहा सिटिंगइतकाच पडतो, हे त्याआधीच सिद्ध होते. पुढे पुन्हा द्यावे लागण्याची शक्यता जास्त, साधारण २० टक्के विरुद्ध ८. पूर्वी मी याच आकड्यावर बोट ठेवून दहा लिहायचो. आता तोच आकडा घरच्यांपुढे ठेवतो. बहुतेक जण एकच मागतात आणि म्हणतात, “लागलं तर परत येऊ.”

खेड तालुक्यातल्या आजींसाठी मी आणखी एक वाट वापरू लागलो. ‘फास्ट’ नावाच्या जुन्या चाचणीत पन्नाशीपुढच्या, लहान गाठीच्या आणि काखेत आजार न गेलेल्या बायकांना आठवड्याला एकच सिटिंग दिले होते, ५.७ ग्रेचे, पाच आठवडे. दहा वर्षांचे निकाल समाधानकारक आहेत. आजींना आणणारा मुलगा कंपनीत असेल तर पाच गुरुवार. कुणाचाच खाडा नाही.

तोंड आणि गर्भाशयमुख इथे मात्र मी हात आखडता घेतलेला नाही. गर्भाशयमुखाचे उपचार आतल्या रेडिएशनसकट आठ आठवड्यांत संपलेच पाहिजेत, आणि सिटिंग कापून ते साधायचे नसते. तिथे मशीनची वेळ पाळीनंतर साडेतीनची देता येते, ठेकेदाराला पत्र देता येते. महात्मा फुले योजना उपचाराचा खर्च उचलते, बुडालेली मजुरी नाही. ईएसआयमध्ये कॅन्सरला ८० टक्के मजुरी दोन वर्षांपर्यंत मिळू शकते. त्यासाठी आधी दोन वर्षांची नोंद आणि त्यात किमान १५६ दिवसांची वर्गणी लागते. ठेकेदाराने मध्येच नाव काढले की ही साखळी तुटते. म्हणून पहिल्याच भेटीत बायोप्सीच्या रिपोर्टशेजारी मी ईएसआयचे कार्ड मागतो. डॉक्टरने असल्या फंदात पडू नये, असे ठासून सांगणारा मीच होतो.

ज्युनिअरला वाटते मी आता दुसऱ्या टोकाला गेलोय. परवा स्तन काढून नव्याने बांधलेल्या एका तरुण बाईला मी पाच सिटिंग लिहिणार होतो. “सर, अशा केसेस त्या चाचणीत जवळजवळ नव्हत्याच,” ती म्हणाली. आम्ही १५ दिली. मुद्दा तिचा बरोबर होता, आणि बाई कासारवाडीची, रिक्षाने दहा मिनिटांवर.